टॉवरच्या रेडिएशनवरचं जुनं संशोधन कसं वाचायचं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीसमोरच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आला तेव्हा ग्रुपवर दोन दिवसांत दहा-बारा पीडीएफ येऊन पडल्या, निम्म्या १९६०-७० च्या काळातल्या, आणि मीटिंगमध्ये कोणी म्हणे हे घातक आहे असं रशियाने तेव्हाच सांगितलं होतं, कोणी म्हणे सगळं खोटंय. वाचलं कोणीच नव्हतं. मी तीन-चार महिने बसून वाचलं, बँकेत नोकरी केलेली बाई मी, सायन्सची नाही, पण जमतं, म्हणून लिहितेय.

पहिलं काम, पेन घ्या आणि युनिटला गोल करा. अमेरिकेत हर्मन श्वान या संशोधकांनी १९५३ मध्ये अंगावर पडणाऱ्या मायक्रोवेव्हसाठी (टॉवरच्या लहरी त्याच जातीच्या) दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट अशी मर्यादा सुचवली, हिशोब असा की शरीर तेवढी उष्णता बाहेर टाकू शकतं, आणि १९६६ च्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये तोच आकडा आला. सोव्हिएत युनियनने १९५० च्या दशकाच्या शेवटी दिवसभर काम करणाऱ्यांसाठी ठरवले १० मायक्रोवॅट. दोन्हीकडे दहाच दिसतात, फरक मात्र हजारपटीचा! फॉरवर्ड होता होता नेमका हा मिलि की मायक्रो हाच शब्द गळतो. आपल्याकडचे आकडे वॅट प्रति चौरस मीटरमध्ये असतात, त्यांना १०० ने गुणलं की मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर मिळतात. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ९०० मेगाहर्ट्झ या मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीसाठी ०.४५ ही मर्यादा आली, म्हणजे ४५ मायक्रोवॅट, जुन्या अमेरिकन आकड्यापेक्षा दोनशेपटीहून कमी, पण सोव्हिएत आकड्याच्या साडेचारपट. आता हे समोर ठेवून भांडा, मग भांडणाला काही अर्थ आहे.

दुसरं, डोस कसा दिला ते बघा. १९४८ मध्ये मायक्रोवेव्हमुळे सशांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्याचा पेपर आहे, तो खराच आहे, डोळ्याच्या लेन्सला रक्तपुरवठा नसतो त्यामुळे उष्णता वाहून नेली जात नाही. पण तो डोळ्याच्या जवळून दिलेला जोराचा डोस होता, गच्चीवरच्या टॉवरशी त्याची सरळ तुलना करू नका.

सलग लहरी होत्या की पल्स, म्हणजे थांबून थांबून येणारे झटके, हेही शोधा, हे फार लोक सोडून देतात. ॲलन फ्रे यांनी १९६० च्या सुरुवातीला दाखवलं की रडारच्या पल्स माणसाला टकटक किंवा गुणगुण अशा ऐकू येतात, आणि खूप वर्षं लोकांचा विश्वासच बसेना. १९७४ मध्ये फॉस्टर आणि फिंच यांनी कारण सांगितलं, प्रत्येक पल्सला डोक्यातल्या पेशी अतिशय सूक्ष्म तापतात, प्रसरण पावतात, त्याची दाबलहर आतल्या कानापर्यंत जाते. म्हणून नुसती सरासरी पॉवर बघून चालत नाही, पल्सचा पीक, म्हणजे कमाल जोर, किती तेही बघायचं. मला या सगळ्यात हे प्रकरण सर्वात आवडलं.

झोराख ग्लेझर यांची अमेरिकन नौदलासाठी केलेली १९७१ ची सूची तर प्रत्येक ग्रुपवर फिरते, दोन हजारांहून जास्त संदर्भ. शीर्षक नीट वाचा, त्यात परिणाम 'रिपोर्ट झालेले' असं म्हटलंय, सिद्ध झालेले नाही. ती यादी आहे, निकाल नाही. त्यातला एखादा मूळ पेपर घ्या आणि तो वाचा, जुने जर्नल हवे असतील तर पुणे विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात चौकशी करा.

माणसांवरचे अभ्यास असले की तुलना कोणाशी केली ते विचारा. कोरियन युद्धातल्या सुमारे ४० हजार अमेरिकन नौसैनिकांचा अभ्यास १९८० मध्ये आला, रडारशी जास्त संबंध आलेल्यांत एकूण मृत्यू जास्त दिसले नाहीत. दिलासा आहे, पण कमी एक्स्पोजरचा गट म्हणजे शून्य नव्हे, आणि प्रत्येकाच्या अंगावर किती पडलं हे मोजलेलं नव्हतं, कामावरून अंदाज बांधला होता. मॉस्कोतल्या अमेरिकन दूतावासावर वर्षानुवर्षं मायक्रोवेव्ह सोडले गेले, त्या कर्मचाऱ्यांचा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा १९७८ चा अहवालही असाच दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो.

आणि स्वतःच्या घराचं उत्तर १९७१ च्या पीडीएफमध्ये शोधू नका. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आसपासचे टॉवर बघता येतात, फी भरून मोजणी मागता येते, मोजायला माणूस आला की कोणत्या खोलीत, किती वाजता आणि कोणत्या युनिटमध्ये, तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घ्या.