जंतनाशकं शिकताना: आधी जंत, मग औषध

इंदूरहून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या आपल्या मुलांना माझं पहिलं सांगणं: परजीवीशास्त्र आणि औषधशास्त्राच्या वह्या शेजारी ठेवून वाचा. नुसती औषधांची नावं घोकलीत तर तोंडी परीक्षा निभावेल, गोठ्यात अडचण होईल. तिथे मालक सरळ ‘कीड़े की दवाई’ मागतो. कोणता जंत, हे तुम्हालाच ठरवायचं असतं.

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे पेशीतल्या सूक्ष्मनलिका बनत नाहीत, ग्लुकोज शोषलं जात नाही, जंत उपासमारीनं मरतो. याला वेळ लागतो. गाईम्हशींच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, औषध साठून हळूहळू सुटतं, ते इथे फायद्याचं ठरतं. गर्भाच्या वाढत्या पेशींनाही सूक्ष्मनलिका लागतातच, म्हणून गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल टाळायचं.

लेव्हामिसोलनं जंताचे स्नायू आखडतात. आयव्हरमेक्टिन उलट करतं: ग्लुटामेटवर चालणारे क्लोराइडचे मार्ग उघडून जंताला लुळं पाडतं, त्याचा घसाही गिळेनासा होतो. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल याच औषधकुळाच्या शोधासाठी मिळालं. पण ते पट्टकृमी आणि यकृतकृमींवर चालत नाही. शेणात यकृतकृमीची अंडी दिसली तर ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोलसारखं औषध हवं. पहिलं मोठ्या कृमींना मारतं, दुसरं कोवळ्यांनाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण यकृत पोखरतात ती कोवळी पिल्लंच.

शेणतपासणीची सवय लावाच, पण रेडकांच्या बाबतीत तिच्यावर थांबू नका. मोठ्या गोलकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून पोटात जातात आणि शेणात अंडी दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर रेडकू खंगलेलं असतं. पायपेराझिन किंवा पायरँटेल दुसऱ्या आठवड्यातच पाजलेलं बरं.

वजन अंदाजानं धरू नका. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, दोन्ही इंचांत, भागिले 660, म्हणजे किलो. डोस कमी पडला की चिवट जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. शेळ्यामेंढ्यांत शंका आली तर औषधाआधी आणि नंतर 10 ते 14 दिवसांनी अंडी मोजा; घट 95 टक्क्यांहून कमी असेल तर त्या कळपासाठी दुसऱ्या गटातलं औषध निवडा.