लॅमिनेट सलग खोल्यांत टाकताना दारात पट्टी हवीच

हॉल, पॅसेज, बेडरूम सगळं एकसंध लॅमिनेटने (जमिनीवर टाकायच्या लाकडासारख्या फळ्यांनी) जोडायचा मोह आवरा. पुण्यात मे महिन्याची कोरडी हवा सरून पाऊस लागला की फळ्या ओलावा घेऊन फुगतात. भिंतीलगत ८ ते १० मिमी फट नसेल तर मधेच वर उचलल्या जातात. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तेच झालं, दारात पाय ठेवला की ‘टक्क’! म्हणून प्रत्येक दारात फट सोडून वर टी-पट्टी (फट झाकणारी T आकाराची पट्टी) बसवा. ती खालच्या फरशीला पक्की करा, लॅमिनेटला नाही. लाकडी चौकट खालून कापून फळी आत सरकवा (सुतार कुरकुरतो, कुरकुरू द्या). फळ्यांची ओळ धरायची दोरी मात्र सगळ्या खोल्यांतून एकच ओढा, नाहीतर दारात रेषा चुकलेल्या दिसतात. खोकी आधी ४८ तास घरातच आडवी ठेवा.