तिरळेपणा ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून थांबू नका: डोळ्यांच्या जोडीबाबत या चुका टाळा

तिरळं मूल नशीबवान, असं आजही घरोघरी म्हटलं जातं. त्यापायी उपचाराची मोलाची वर्षं हातची जातात याचं फार वाईट वाटतं. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून सरकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्यानंतरही डोळा वळत असेल, किंवा आधीपासूनच कायम एका बाजूला वळलेला असेल, तर वाट पाहणं हीच पहिली चूक.

डोळे दोन दिशांना पाहू लागले की मेंदूकडे दोन वेगळी चित्रं जातात. लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक चित्र टाकून देतो, म्हणून ते ‘दोन दोन दिसतंय’ अशी तक्रारच करत नाही. आपण समजतो त्रास नाही, आणि तिकडे ज्याचं चित्र टाकलं जातं तो डोळा आळशी होत जातो, म्हणजे त्याची नजर कमी राहते. क्वचित तिरळेपणाच्या मागे मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलावरची गाठही असते. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकलेली दिसली तर सुट्टीची वाट न पाहता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

नाकाचं हाड बसकं असलेली बाळं नुसतीच तिरळी भासतात. समोरून काढलेल्या फोटोत प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी असेल तर बहुधा हाच प्रकार असतो. तरी खात्री डॉक्टरांनीच करावी.

थेंब न घालता नंबर काढणं

दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा अचानक नाकाकडे वळू लागला तर बरेचदा कारण प्लस नंबर असतं. स्पष्ट दिसावं म्हणून मूल डोळ्यांवर जोर देतं आणि त्या जोरानं डोळे आत ओढले जातात. हा नंबर नुसत्या मशिनवर पूर्ण सापडत नाही, कारण मूल तो जोर लावूनच लपवतं. त्यासाठी औषधाचे थेंब घालावे लागतात. नंतर धूसर दिसतं, औषधाप्रमाणे एखाद्या दिवसापासून आठवडा-दीड आठवड्यापर्यंत. ‘परीक्षा आहे, थेंब नकोत’ म्हणत दुकानातूनच चष्मा करून घेऊ नका.

मग पुढची तक्रार येते: ‘चष्मा लागल्यापासून काढला की जास्तच तिरळा दिसतो.’ चष्म्यानं डोळा बिघडलेला नसतो. तो लावल्यावर डोळे सरळ राहतात, म्हणून काढल्यावरचा फरक नजरेत भरतो. लग्नात, फोटोपुरता, पाहुणे आले म्हणून चष्मा उतरवण्याची सवय मात्र उपचार मागे नेते.

पट्टीची अर्धवट सवय

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आळशी डोळ्याला कामाला लावण्यासाठी पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची असते. ‘कमजोर डोळ्याला आराम’ म्हणून त्याच्यावरच लावणारे पालक भेटतात. काहीजण चष्म्याच्या काचेवर कापड लावतात आणि मूल मान वाकडी करून कडेनं चांगल्याच डोळ्यानं पाहत बसतं. पट्टी त्वचेला चिकटवा, वरून चष्मा. सुरुवातीला मूल रडणार, पट्टी ओढणार, कारण त्याला खरंच नीट दिसत नसतं. त्या वेळात हाताला बारीक काम द्या: मणी ओवणं, तांदळातले खडे वेचणं, ठिपक्यांची रांगोळी.

‘दिवसभर लावली तरच गुण येईल’ हेही खरं नाही. अमेरिकेतल्या २००३च्या अभ्यासात मध्यम आळशी डोळ्याला रोजचे २ तास ६ तासांइतकेच उपयोगी पडले. तास डॉक्टरच ठरवतील. तपासणी चुकवून मनानं पट्टी वाढवली तर चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, आणि अचानक थांबवली तर कमावलेली नजर काही मुलांत पुन्हा घसरते. सातव्या वर्षानंतर काही होत नाही म्हणून कुणी परत पाठवलं असेल तर दुसरं मत घ्या. ७ ते १२ वयाच्या मुलांतही उपचारानं निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर सुधारलेली दिसली आहे.

‘सहाला सहा दिसतं’ यावर निर्धास्त राहणं

तक्त्यावरची अक्षरं एकेका डोळ्यानं वाचता येणं वेगळं आणि जवळचं वाचताना दोन्ही डोळे आत वळवून धरणं वेगळं. हे जमत नसेल तर अर्ध्या तासात कपाळ दुखतं, ओळ सुटते, अक्षरं हलतात, मूल एक डोळा झाकून वाचतं. घरचे ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणतात, ते मुलावर अन्यायाचं आहे.

इंटरनेटवर पाहून पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम सुरू करतात. २००८मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर १२ आठवडे हे तपासलं गेलं. थेरपिस्टसमोर शिकून घरीही सराव करणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के सुधारले. घरची पेन्सिल ४३ टक्क्यांवर राहिली आणि तुलनेसाठी दिलेल्या नुसत्या दिखाऊ, म्हणजे खऱ्यासारख्या वाटणाऱ्या पण उपचार नसलेल्या व्यायामाचे ३५. म्हणजे पेन्सिलवर विसंबून महिने घालवू नयेत. पण ‘या व्यायामानं मार्क वाढतील’ म्हणून पॅकेज विकणाऱ्यांनाही भुलू नका. २०१९च्या पुढच्या अभ्यासात वाचून समजण्याची क्षमता दिखाऊ व्यायामापेक्षा जास्त वाढली नव्हती. कायमचा वळलेला डोळाही व्यायामानं सरळ होत नाही.

मोठ्यांनी करू नये ते

एकाएकी दोन दिसू लागलं तर आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कोणताही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल तर बिघाड जोडीत आहे. मधुमेहात डोळ्याच्या स्नायूची नस दुखावून असं होतं आणि बरेचदा ते काही महिन्यांत भरून येतं, पण हा निष्कर्ष घरी काढायचा नाही. पापणी उतरलेली, एक बाहुली मोठी, डोकं असह्य दुखतंय असं असेल तर चष्म्याच्या दुकानात नाही, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

ऑपरेशनच्या नावानं लोक घाबरतात. त्यात डोळा बाहेर काढत नाहीत, त्याच्या बाहेरून चिकटलेले स्नायू सैल किंवा घट्ट करतात. मोठ्या वयातही ते करता येतं, कधी दुसऱ्यांदाही करावं लागतं. ते झालं म्हणून चष्मा फेकू नका आणि पट्टी सोडू नका. स्नायू जागेवर आणल्यानं नंबर जात नाही आणि आळशी डोळ्याची नजरही त्यानं वाढत नाही.