लॅबमधून सहाला निघायचं तर आठवडा उलटा मांडा

सोमवारी सकाळी वहीत आधी काम संपायची वेळ लिहा आणि तिथून मागे मोजत या. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या लॅबमध्ये रात्रीचे नऊ वाजतात ते बहुतेक वेळा दुपारी बाराला सुरू केलेल्या कामामुळे.

ई. कोलाय या बॅक्टेरियात प्रोटीन बनवण्याचंच बघा. संध्याकाळी साडेपाचला ५ मिली ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) प्लेटवरची एक कॉलनी सोडून ३७ अंशांवर शेकरवर ठेवली की सकाळी साडेनऊला १६ तास भरतात. ते सगळं ५०० मिली ताज्या ब्रॉथमध्ये ओता, ओडी (वाढ दाखवणारा गढूळपणा) ०.६ ला यायला दोन-अडीच तास. बाराला प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी, चारला सेंट्रिफ्यूज, पाचच्या आत पेलेट (तळाशी बसलेला जंतूंचा गोळा) उणे २० मध्ये. हेच ओतणं चहा-गप्पांत साडेअकरावर गेलं की पेलेटला सात वाजतात, मग द्वारकेच्या चौकातली गर्दी वेगळीच. शेवटचे चार तास तापमान चढवून कापायचा मोह आवरा. प्रोटीनचे गठ्ठे होतात.

दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह कागदावर १२१ अंशांना १५ मिनिटं, पण तापणं-निवणं धरून दीड-दोन तास. साडेतीननंतर मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) लावू नका. घाईनं वाफ सोडली की अगार उकळून बाहेर येतो, कापसाचं बूच भिजतं आणि सगळं पुन्हा.

गोदावरीच्या पाण्याची बीओडी (घाण कुजताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याची चाचणी) आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांची. मंगळवारी लावली की शुक्रवारी वाचायची, शुक्रवारी लावली की सोमवारी. बुधवार-गुरुवारी लावणाऱ्याचा शनिवार-रविवार गेलाच. म्हणून रामकुंडावरून नमुना सोमवारी दुपारी किंवा शुक्रवारी सकाळी आणा, बर्फात ठेवा, २४ तासांच्या आत बाटल्या लावा. सुरुवातीचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) त्याच बैठकीत घ्या, नाहीतर तीन दिवसांनी वजा कशातून करणार? बुरशीच्या ५ दिवसांच्या प्लेट बुधवारी.

द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते मार्च, खरी कसोटी कीटकनाशकांचे अंश मोजणाऱ्या एलसी-एमएस मशीनवर. १५ मिनिटांची ४० इंजेक्शनं (मशीनमध्ये सोडलेले नमुने) म्हणजे १० तास. हे रात्रीवरच सोडायचं. मिनिटाला ०.४ मिली प्रवाहानं २४० मिली मोबाइल फेज (दोन बाटल्यांतून येणारा, नमुना वाहून नेणारा द्रव) जातो, तरी दोन्ही बाटल्यांत अर्धा-अर्धा लिटर भरा. बाटली मध्यरात्री आटली तर पंप हवा ओढतो, दाब कोसळतो, आलेखातले उंचवटे (पीक) सरकतात, आणि सकाळी तेच नमुने पुन्हा लावावे लागतात. दाबाची किमान मर्यादा चालू ठेवा म्हणजे मशीन स्वतः थांबेल. मशीनच्या यादीत शेवटच्या ओळीत कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) धुण्याची मेथड, मग प्रवाह बंद. पहिली दोन स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेली द्रावणं) डोळ्यांनी पाहून खुशाल निघा.

डीप फ्रीजर बघायला रविवारी कोणीतरी लागतंच. कोणाची ड्युटी कधी, ते महिनाभराचं आधीच भिंतीवर लावा, बदली सुट्टीचा वारही तिथेच लिहा; तोंडी ठरलेली बदली सुट्टी मिळत नाही.

रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘रिझल्ट काय?’ येतं ते बहुधा कुणाला वेळ माहीत नसते म्हणून. ‘सर, प्लेट उद्या दहाला वाचतोय, अकराला आकडे पाठवतो’ हे निघतानाच, सहाला टाकून ठेवा.