ग्रामीण रुग्णालयात प्रसूतीची उपकरणे निर्जंतुक करताना
प्रसूती आटोपल्यावर उपकरणांवरचे रक्त वाळू देऊ नये, कारण वाळलेल्या थराखाली वाफ नीट पोहोचत नाही आणि पुढची सारी मेहनत वाया जाते. जाड हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन व चष्मा घालून प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा पूर्ण उघडावा आणि पाण्यात बुडवूनच ब्रशने घासावा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. आर्टरी फोर्सेप्सचे, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याचे, दाते आणि सांधा डोळ्यांजवळ धरून तपासावा. घाण बहुधा तिथेच दडते.

विदर्भातल्या गावांत बोअरचे पाणी बरेचदा जड असते, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, डिस्टिल्ड पाणीच घालावे.

साध्या ऑटोक्लेव्हमध्ये कापडात गुंडाळलेल्या संचाला १२१ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे लागतात आणि ही वेळ तापमान गाठल्यानंतरच मोजायची असते. संच ज्यात ठेवतात त्या धातूच्या डब्याची, म्हणजे ड्रमची, भोके यंत्रात ठेवताना उघडी असावीत, बाहेर काढताच बंद करावीत. मध्येच वीज गेली, आणि उन्हाळ्यात गावाकडे ती जातेच, तर उरलेली मिनिटे न जोडता पूर्ण वेळ नव्याने द्यावी. संचाला बाहेरून लावलेल्या निर्देशक टेपवरच्या काळ्या रेषा फक्त उष्णता लागल्याचे सांगतात, त्यामुळे वाफ आतवर पोहोचली का हे दाखवणारी निर्देशक पट्टी संचाच्या आतही हवीच. ओला निघालेला संच, बाई टेबलावर असली तरी, वापरू नये. त्यासाठी एक जादा संच नेहमी तयार ठेवावा.