पणजीची खाडी बघायला जाताय? आधी तिथी बघा

रुआ द ओरे खाडीवर भरतीच्या वेळी गेलात तर नुसतं पाणी दिसतं. खरी मजा ओहोटीत: चिखल उघडा पडतो, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात, कुर्ल्या बिळांतून डोकावतात, बगळे अगदी काठाला येतात. मोबाईलशिवाय ओहोटीची वेळ अशी काढा:

१. कालनिर्णयात तिथी बघा. पक्ष कुठलाही असो, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरा.
२. तिथीची पाऊणपट करा. तो भरतीचा अंदाजे तास, मध्यरात्रीनंतरचा आणि दुपारी बारानंतरचाही.
३. त्यात सहा मिळवा, ओहोटी.

चतुर्थीला भरती ३ वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी ९ला. पौर्णिमा-अमावास्येला ती संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास, शिवाय पाणीही जास्त ओसरतं. माझी पसंती हीच. ऊन उतरलेलं असतं, खारफुटीतून फिरून पलीकडे फोंतेन्या या जुन्या वस्तीत चहा घेता येतो. वास थोडा येतो, पण खाडीच ती!

अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच. पावसाळ्यात मात्र भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की जवळच्या मळा या भागात पाणी तुंबतं, गाडी तिथे लावू नका.