बी.एस्सी.साठी भौतिकशास्त्र व गणिताची पुस्तके निवडताना

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पुस्तकांची उणीव भासत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारली, तरी प्रत्येक पेपरसाठी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेली पुस्तके हाती पडतात. परीक्षेपुरती ती अवश्य वापरावीत. विषय शिकण्यासाठी मात्र एकच मुख्य ग्रंथ निवडून त्यातील उदाहरणे नेटाने सोडवावीत, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

म्हणूनच पुस्तक पारखताना मी आधी प्रकरणाच्या शेवटी दिलेली उदाहरणे पाहतो. ती केवळ सूत्रात किमती घालून सुटत असतील, तर विवेचन कितीही सुबोध असले तरी ते पुस्तक दुय्यम मानावे. यांत्रिकीसाठी क्लेपनर व कोलेन्को यांचे पुस्तक या कसोटीस पुरेपूर उतरते. फाइनमन यांची १९६१ ते १९६३ या काळातील व्याख्याने आज विनामूल्य वाचता येतात, पण मूळ खंडांत उदाहरणे नसल्याने ती जोडवाचन म्हणूनच ठेवावीत.

विद्युतगतिकीत अडचण बहुधा गणिताची असते. ग्रिफिथ्स यांनी आपल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण सदिश विश्लेषणालाच दिले आहे. गणिताच्या तासाला तो भाग येईपर्यंत न थांबता ते प्रकरण स्वतः सोडवावे, अन्यथा पुढची पाने नुसती वाचली जातात. परसेल यांचे पुस्तक माझ्या विशेष आवडीचे, परंतु ग्रंथालयातील प्रत कोणत्या आवृत्तीची आहे ते आधी पाहावे: २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत एसआय एकके आहेत, तर त्याआधीच्या आवृत्त्यांत गाउसीय, त्यामुळे कूलोमच्या नियमातला परिचित स्थिरांक तेथे दिसत नाही आणि चुंबकत्वाच्या सूत्रांत प्रकाशाचा वेग अवतरतो.

वास्तव विश्लेषणासाठी (रिअल ॲनालिसिस) रुडिन यांचे नाव सर्वांच्या तोंडी असते. त्यातील सिद्धता इतक्या आटोपशीर आहेत की एप्सिलॉन-डेल्टाशी, म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येशी, प्रथमच गाठ पडणाऱ्याने आधी बार्टल व शेरबर्ट यांचे पुस्तक घेणे श्रेयस्कर. रेषीय बीजगणितात ॲक्सलर यांची चौथी आवृत्ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि सुरेखही आहे, तथापि त्यांनी निश्चयक अगदी शेवटच्या प्रकरणात ठेवले आहेत; भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पुष्कळ आधी लागतात, म्हणून त्याने सोबत आकडेमोडीवर भर देणारे दुसरे एखादे पुस्तक ठेवावे.